बापाचा राग

पडलेल्या चित्रपटाची बाजू घेणे म्हणजे पडलेल्या उमेदवाराची मिरवणूक काढण्यासारखे आहे. गुलाल आपल्याच अंगावर पडतो आणि बघणारे हसतात. त्यातून तो चित्रपट अमेरिकन, त्याचा नायक हिरव्या रंगाचा राक्षसदेह, आणि बाजू घेणारा सत्तरीकडे झुकलेला बेळगावचा निवृत्त मास्तर. हसण्याची सोय तिहेरी झाली. तरीही गेली वीस वर्षे एक चित्रपट माझ्या मनातून जात नाही, आणि तो का जात नाही हे सांगायचे तर त्याची वकिली करण्यावाचून गत्यंतर नाही.

चित्रपटाचे नाव 'हल्क'. दिग्दर्शक आंग ली. तो अमेरिकेत २० जून २००३ रोजी प्रदर्शित झाला. खर्च सुमारे पावणेचौदा कोटी डॉलर. पहिल्या तीन दिवसांत सहा कोटी वीस लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमला, आणि दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस तो जवळजवळ सत्तर टक्क्यांनी घसरला. याचा अर्थ सरळ आहे. ज्यांनी पाहिला त्यांनी घरी जाऊन शेजाऱ्याला सांगितले, 'जाऊ नकोस.' समीक्षकांत दोन तट पडले, पण प्रेक्षकांचा निकाल एकमुखी होता. पाचच वर्षांत, २००८ साली, दुसरा दिग्दर्शक आणि दुसरा नट घेऊन हल्कचा नवा चित्रपट काढण्यात आला. जणू पहिला झालाच नव्हता.

आरोप काय होते? हल्क रबरी दिसतो. तो पडद्यावर यायलाच पाऊण तासाच्या आसपास वेळ जातो. पडद्याचे चित्रकथेच्या पानासारखे चौकोन पाडले आहेत, त्याने डोळे शिणतात. राक्षसी कुत्र्यांशी मारामारी आहे आणि त्यात एक कुरळ्या केसांचे पूडल जातीचे कुत्रेही आहे. शेवटची लढाई इतकी अंधारी की कोण कोणाला मारतो ते कळत नाही. यातले बहुतेक आरोप मला मान्य आहेत. पूडलबद्दल तर मी एक शब्दही बोलणार नाही. पण सर्वांत मोठा आरोप असा होता की चित्रपट रडका आहे. लोक तोडफोड पाहायला गेले आणि त्यांना बाप-लेकांचे दुःख पाहावे लागले. माझी वकिली इथून सुरू होते. कारण ज्याला लोकांनी दोष म्हटले तेच त्या चित्रपटाचे म्हणणे होते.

ज्यांनी तो पाहिला नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६२ साली हल्क चित्रकथेत आणला, तेव्हा कारण सोपे होते. ब्रूस बॅनर हा शास्त्रज्ञ एका मुलाला वाचवताना गॅमा बाँबच्या किरणांत सापडतो आणि पुढे त्याचा हल्क होतो. अणुबाँबच्या भीतीने ग्रासलेल्या काळाला ते कारण पुरेसे होते. पुढे १९८५ च्या सुमारास बिल मँटलो या लेखकाने त्या कथेत ब्रूसचा मारकुटा बाप आणला. आंग ली यांनी तो धागा धरला आणि चित्रपटाच्या मध्यभागी आणून ठेवला. इथे बाप डेव्हिड बॅनर लष्करी शास्त्रज्ञ आहे. तो स्वतःच्या शरीरावर प्रयोग करतो आणि बदललेले रक्त मुलात उतरते. प्रयोग थांबवला जातो तेव्हा तो मुलालाच संपवायला निघतो. आई मध्ये पडते आणि सुरी तिला लागते. चार वर्षांचे पोर हे पाहते आणि विसरते. परक्या घरी, परक्या आडनावाने ते वाढते. मोठेपणी तो अबोल, हळुवार शास्त्रज्ञ होतो. कशाचाच राग न येणारा, आणि म्हणून कोणाला जवळही न करू शकणारा. पुढे प्रयोगशाळेत अपघात होतो, गॅमा किरण अंगावर येतात, आणि जे आत होते ते बाहेर पडते. किरणांनी राग निर्माण केला नाही. राग घरचाच होता. किरणांनी फक्त दार उघडले.

हा चित्रपट मी प्रदर्शनानंतर वर्षभराने भाड्याच्या सीडीवर पाहिला, मुलाच्या हट्टापायी. तो तेव्हा अकरा-बारा वर्षांचा होता. अर्ध्यावर त्याने विचारले, "बाबा, ह्याला बाबांचा राग येतो काय?"

प्रश्न साधा होता. पण मी मराठीचा मास्तर. कानावर पडलेले वाक्य मनात उलटेसुलटे करण्याची खोड. 'बापाचा राग येणे' याचे आपल्या भाषेत दोन अर्थ होतात. बापावर राग येणे हा एक. आणि बापाचा जो राग होता तोच आपल्याला येणे हा दुसरा. मुलाने पहिल्या अर्थाने विचारले होते. मला दुसरा ऐकू आला, आणि मी उत्तर न देता पाणी प्यायला उठलो.

त्याचे कारण सांगायला हवे. आमच्या आप्पांची पीठगिरण होती. पट्ट्याच्या आणि जात्याच्या घरघरीत दिवसभर बोलून त्यांचा आवाज कायमचा चढलेला. माणूस कष्टाळू, देवभोळा, कोणाचे पायलीभर पीठ कधी कमी न भरलेला. पण राग जमदग्नीचा. तो मराठीत सुरू व्हायचा आणि कन्नडात संपायचा. आमटीत मीठ कमी पडले म्हणून त्यांनी एकदा भरली पितळी अंगणात भिरकावली. तिला काठाशी पोचा पडला. आईने ती घासून पुन्हा मांडणीवर लावली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पितळीत त्यांना वाढले. सांडलेला भात मी वेचला. तेव्हा मी सात-आठ वर्षांचा होतो. आम्ही भावंडे एकमेकांना समजावायचो, गिरणीच्या आवाजाने त्यांचे डोके फिरते. ते आमचे गॅमा किरण.

मी शपथ घेतली होती की आपण असे होणार नाही. आणि सीडीच्या त्या संध्याकाळच्या दोन-तीन वर्षे आधी, गणिताच्या एका उत्तरपत्रिकेवरून, मी जेवत्या ताटावरून उठलो आणि ताट भिंतीवर मारले. ताट स्टीलचे होते, पोचा पडला नाही. मुलगा खाली बसला आणि भात वेचू लागला. कोणी त्याला सांगितले नव्हते.

आपल्याकडे राग 'येतो'. 'मला राग आला' असे आपण म्हणतो. कन्नडातही तसेच, 'ननगे सिट्टु बंतु'. दोन्ही भाषांत राग पाहुण्यासारखा बाहेरून येतो आणि आपण नुसते उंबऱ्यावर उभे असतो. ही वाक्यरचना फार सोयीची आहे. आला त्याला मी काय करू? आंग ली यांचा चित्रपट ह्या वाक्याला पुढचा प्रश्न विचारतो, 'आला तो कुठून आला?' आणि त्याहून अवघड प्रश्न, 'तो आल्यावर तुला कसे वाटले?' ब्रूस आपल्या मैत्रिणीला, बेटीला, एका ठिकाणी कबुली देतो की ताबा सुटतो तेव्हा त्याला ते आवडते, आणि सर्वांत जास्त भीती याचीच वाटते. तोडफोडीच्या शंभर चित्रपटांत ही कबुली कोणी देत नाही, कारण ते आवडणे हाच त्या चित्रपटांचा माल असतो. मी खरे सांगतो. ताट हातातून सुटले त्या क्षणी मला बरे वाटले होते. लाज मागाहून आली. आधी आला तो आनंद.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात क्रोधापासून संमोह आणि संमोहापासून स्मृतिभ्रंश अशी पडझडीची पायरी सांगितली आहे. शाळेत मी ती कित्येक वर्षे शिकवली. या चित्रपटात पायरी उलटी आहे. इथे स्मृतिभ्रंश आधी, क्रोध नंतर. मुलगा विसरला म्हणून त्याचा राग आंधळा झाला. मनाने जे पुसले ते शरीराने जपून ठेवले. बंद दाराचे एक स्वप्न त्याला पुन्हा पुन्हा पडते. दारामागे काय आहे ते आठवेपर्यंत त्याची सुटका नाही. गीतेचा क्रम चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. एका माणसाच्या आयुष्यात तो बरोबरच असेल. पण दोन पिढ्या एकाखाली एक मांडल्या की बापाचा क्रोध, मुलाची विस्मृती आणि मुलाचा क्रोध अशी साखळी दिसू लागते.

ही साखळी आपल्याला नवी नाही. आपल्या जिल्ह्यात सौंदत्तीच्या डोंगरावर रेणुका-यल्लम्मा आहे. पौर्णिमेला मराठी आणि कन्नड मुलखांतली माणसे एकाच वाटेने तिथे चढतात. तिची कथा प्रत्येक घराला ठाऊक आहे. जमदग्नीने रागाच्या भरात मुलांना आईचा वध करायला सांगितले. थोरल्या चौघांनी ऐकले नाही, त्यांना शाप मिळाला. धाकट्या परशुरामाने ऐकले. बाप प्रसन्न झाला आणि म्हणाला, वर माग. महाभारताच्या वनपर्वात त्याने मागितलेल्या वरांची यादी आहे. आई उठावी, वधाची आठवण राहू नये, आपल्याला पापाचा स्पर्श होऊ नये, भाऊ पूर्ववत व्हावेत.

लहानपणी ही गोष्ट पितृभक्तीची म्हणून ऐकली. 'हल्क' पाहिल्यानंतर माझे लक्ष दुसऱ्या वरावर खिळले. आठवण राहू नये! मुलाला कळले होते की नुसते जिवंत होणे पुरेसे नाही. ज्या घरात असे घडले त्या घरात आठवणीसह राहता येणार नाही. आई विसरली असे कथा सांगते. परशुराम विसरला का? कथा गप्प आहे. पुढे कार्तवीर्याच्या मुलांनी जमदग्नीला मारले, तेव्हा ह्याच मुलाने परशू उचलला आणि एकवीस वेळा पृथ्वी निःक्षत्रिय केली. बापाच्या हत्येचा सूड एकवीस वेळा घ्यावा लागतो का? मला वाटते, पहिली खेप बापासाठी असेल. उरलेल्या वीस खेपांत आईच्या मानेवरून फिरलेला तो पहिला घाव कुठेतरी असणार. 'बापाचा राग' या शब्दांना इथे तिसरा अर्थ मिळतो. बापावरचा राग, बापाचा राग आणि बापासाठीचा राग. तिन्ही एकाच परशूत.

आता कोणी म्हणेल, ही पळवाट झाली. प्रत्येकाने आपल्या दोषासाठी बापाकडे बोट दाखवावे आणि बापाने आजोबाकडे, म्हणजे शेवटी गुन्हेगार कोणीच नाही. हा आक्षेप खरा आहे आणि चित्रपटाला तो ठाऊक आहे. उत्तर शोधताना मला आपल्या जुन्या धर्मशास्त्राची मदत झाली. बापाचे कर्ज मुलाने फेडावे असा त्यात दंडक आहे. पण सरसकट नाही. दारू, जुगार, व्यसन यांपायी केलेले कर्ज, न भरलेला दंड, हे मुलावर बंधनकारक नाही असे याज्ञवल्क्य सांगतो. त्यावर मिताक्षरा लिहिणारा विज्ञानेश्वर चालुक्यांच्या कल्याणचा, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातला. आपल्याच दुभाषी मुलखातला. आणि बृहस्पतीच्या नावावर जे स्मृतिवचन आहे त्यात तर क्रोधाच्या भरात कबूल केलेले देणेही मुलाकडून वसूल करू नये असे म्हटले आहे. (२००५ च्या कायदादुरुस्तीने त्यापुढच्या कर्जांबाबत हे धार्मिक बंधनच न्यायालयात चालेनासे केले, तो भाग वेगळा.) शास्त्रकारांना एक बारीक गोष्ट कळली होती. वारसा आपोआप येतो, पण त्यातले काय मान्य करायचे याचा विचार मुलाने करायचा असतो. राग कुठून आला हे विचारणे म्हणजे 'मी केले नाही' असे म्हणणे नव्हे. घरातल्या बेहिशेबी पैशाचा उगम शोधणारा मुलगा ते पैसे परत करण्याच्या तयारीला लागलेला असतो. जो उगम विचारत नाही तो ते खर्च करत राहतो.

चित्रपटाचा शेवट, ज्याची सर्वांत जास्त टिंगल झाली, तो नेमका याबद्दल आहे. तीस वर्षे कोंडून ठेवलेला बाप परत आलेला आहे. जखडलेल्या मुलासमोर बसून तो त्याला सांगतो की तू माझा मुलगा नव्हेस, तू नुसते वरचे कवच. माझा खरा मुलगा तो, तुझ्या आतला. ही भूमिका निक नोल्टी यांनी केली आहे, आणि ते थोडे जास्तच करतात हेही कबूल. पण ते वाक्य ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. शास्त्रज्ञ झालेला, हळुवार, शहाणा मुलगा ह्या बापाला नको आहे. त्याला आपला राग हाच आपला वारस वाटतो. आपल्याकडे 'अगदी बापावर गेलाय' असे कौतुकाने म्हणतात, तेव्हा बहुधा मुलाने काहीतरी फोडलेले असते.

मग लढाई होते. बाप मुलाची शक्ती शोषून घेऊ लागतो आणि मुलगा, आश्चर्य म्हणजे, विरोध सोडून देतो. घे, सगळे घे. ज्याचे होते त्याला परत. बापाला ते पेलवत नाही. तो फुगत जातो, थांबव म्हणू लागतो. अतिमानवाच्या चित्रपटात नायक शेवटी अधिक जोराने मारतो असा नेम आहे. इथे नायक मारणे थांबवून जिंकतो. प्रेक्षकांना ते कळले नाही, की कळूनही रुचले नाही? मला दुसरे खरे वाटते. २०१२ सालच्या 'ॲव्हेंजर्स'मध्ये तोच बॅनर, आता मार्क रफालो, सांगतो की आपण कायमच रागावलेले असतो हेच आपले गुपित. आणि हवे तेव्हा हल्क होऊन शत्रूला झोडपतो. तिथे प्रेक्षक खूश झाले. मीही हसलो. पण त्या हसण्यात एक गोष्ट आपण गिळली. राग आता वारसा राहिला नाही, तो खिशातले हत्यार झाला. हत्याराला कोणी 'कुठून आला' असे विचारत नाही.

आंग ली यांच्याबद्दल दोन शब्द सांगितले पाहिजेत. तैवानमध्ये १९५४ साली जन्मलेल्या या माणसाचे वडील एका शाळेचे मुख्याध्यापक होते. मुलगा महाविद्यालयाच्या प्रवेश परीक्षेत नापास झाला आणि चित्रपटाकडे वळला, हे वडिलांच्या पचनी कधीच नीट पडले नाही. 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'ला चार ऑस्कर मिळाल्यावरही नाही. 'हल्क'च्या हालचाली संगणकाला शिकवण्यासाठी आंग ली यांनी स्वतः अंगावर संवेदक लावलेला पोशाख चढवला आणि स्वतः आदळआपट केली. मुख्याध्यापकांचा शांत मुलगा चाळिशीच्या अखेरीस एका रिकाम्या खोलीत रागावण्याचा सराव करतो आहे, हे चित्र मला त्या चित्रपटातल्या कुठल्याही दृश्याइतके मोलाचे वाटते. चित्रपट पडला. ते थकले, निवृत्त होण्याचा विचार करू लागले. आणि आंग ली यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, तेव्हा प्रथमच वडील म्हणाले की सोडू नकोस, करत राहा. वडील २००४ साली वारले. त्यानंतरचा चित्रपट 'ब्रोकबॅक माउंटन', आणि त्यासाठी सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचे ऑस्कर. यश मिळूनही जे बोलले गेले नाही ते अपयशानंतर बोलले गेले. पडेल चित्रपटाचा हिशेब करताना ही जमेची रक्कम गल्ल्यात धरता येत नाही.

'हल्क'चे शेवटचे दृश्य फार थोड्यांना आठवते. ब्रूस दाढी वाढवून दूर जंगलात राहतो आहे, गरिबांना औषधे देतो आहे. बंदुकधारी येतात आणि औषधे हिसकावू लागतात. तो ओरडत नाही. शांतपणे त्यांना बजावतो की मला राग येऊ लागला आहे, आणि मी रागावलेला तुम्हाला आवडणार नाही. त्याचा राग गेलेला नाही. जाणारही नाही. पण आता तो येताना दिसतो, आणि समोरच्याला आधी सांगता येते. आधीच्या सगळ्या अंधारातून चित्रपटाच्या हाती लागले ते एवढेच. मला ते कमी वाटत नाही.

मुलाच्या त्या प्रश्नाला मी त्या दिवशी उत्तर दिले नाही. बऱ्याच वर्षांनी, तो नोकरीला लागल्यावर, आप्पांची पितळी त्याच्या हातात दिली आणि पोचा दाखवला. त्याने काठावरून बोट फिरवले. म्हणाला, "आपल्या स्टीलच्या ताटाला नव्हता पडला." त्याला सगळे आठवत होते. मी त्याची माफी मागितली. त्याने मान हलवली. दिली की नाही, मला अजून नक्की सांगता येत नाही.

गेल्या दिवाळीत नातवाने कंदिलाचा कागद तिसऱ्यांदा फाडला. मुलाचा आवाज चढला. तो आवाज मी ओळखतो, त्यात गिरणी आहे. आतून भांडी लावण्याचा आवाज थांबला. मग मुलाने हातातली कात्री खाली ठेवली आणि पोराला म्हणाला, "मला राग येऊ लागलाय बघ. मी जरा अंगणात बसतो. तू खळ ढवळून ठेव." आणि तो पायरीवर जाऊन बसला.

नातू माझ्याकडे वळला. "आज्जा, बाबाला कुणाचा राग आला?"

ह्या वेळी मी पाणी प्यायला उठलो नाही. म्हटले, "बस इथं. सांगतो."